स्क्रिप्टला डेटाबेसची लायब्ररी सापडत नाही तेव्हा

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातील पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांची संगणकाची कामे सांभाळणाऱ्या मंडळींपैकी अनेकांकडे एखादी छोटी स्क्रिप्ट असतेच. पिग्मी एजंटांच्या यंत्रातून संध्याकाळी आलेली फाइल वाचायची, खातेदारांची मराठी आणि कन्नड नावे जुळवायची आणि रकमा डेटाबेसमध्ये भरायच्या, एवढेच तिचे काम. संस्थेचे मुख्य सॉफ्टवेअर डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत लिहिलेले असते, त्यामुळे त्याच्याच लायब्ररी वापरता याव्यात म्हणून ही स्क्रिप्ट आयर्नपायथनमध्ये (डॉट नेटवर चालणाऱ्या पायथनमध्ये), पॉवरशेलमध्ये किंवा पायथनडॉटनेट या पायथनला डॉट नेटशी जोडणाऱ्या पॅकेजच्या आधाराने साध्या पायथनमध्ये लिहिली जाते. ती स्वतःच्या संगणकावर नीट चालते, शाखेतल्या संगणकावर मात्र पहिल्याच ओळीत असेंब्ली, म्हणजे डॉट नेटची संकलित लायब्ररी (बहुधा एक डीएलएल फाइल), सापडत नसल्याचे सांगून थांबते. हा दोष शोधण्याची जी पद्धत मला बऱ्याच वर्षांच्या कामातून भरवशाची वाटते, ती येथे मांडत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यावरच उभे आहे. सी शार्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालतो तेव्हा त्याची एक्झी फाइल, तिला लागणाऱ्या डीएलएल आणि तिची कॉन्फिग फाइल एकाच फोल्डरमध्ये नांदत असतात. स्क्रिप्टचे तसे नसते. विंडोजच्या आणि डॉट नेट रनटाइमच्या (डॉट नेटचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) दृष्टीने चालणारा प्रोग्राम म्हणजे इंटरप्रिटर, अर्थात स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम, मग तो आयर्नपायथनचा आयपीवाय डॉट एक्झी असो, पायथन डॉट एक्झी असो वा पॉवरशेल डॉट एक्झी. स्क्रिप्ट ही त्या घरी उतरलेली पाहुणी आहे. रनटाइम लायब्ररी शोधायला घरमालकाचे कपाट उघडतो, पाहुणीची पिशवी उघडत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या शेजारी डीएलएल ठेवली तरी ती सापडेलच असे नाही, आणि स्क्रिप्टच्या नावाने कॉन्फिग फाइल लिहून ठेवली तर ती कोणी वाचतच नाही. कोणताही दोष समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: हे घर कोणाचे आहे, आणि त्याचे कपाट कोठे आहे?

त्याचे उत्तर स्क्रिप्टमधूनच मिळवता येते. सिस्टिम नेमस्पेसमधील ॲपडोमेनच्या करंटडोमेनची बेसडिरेक्टरी छापावी, पाठोपाठ एन्व्हायर्नमेंटची करंटडिरेक्टरी छापावी, आणि आयर्नपायथन असेल तर सिस डॉट पाथमधील प्रत्येक नोंद छापावी. पहिली दोन उत्तरे वेगळी निघतात हे पाहूनच अनेकांचा अर्धा गोंधळ मिटतो. टास्क शेड्युलरमधून रात्री चालवायच्या स्क्रिप्टच्या बाबतीत तर ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा सोडल्यास चालू फोल्डर विंडोजचे सिस्टिम३२ असते. दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री का पडते याचे कारण बहुधा तेवढेच असते.

संदेश कसा वाचावा

आयर्नपायथनमध्ये सीएलआर मॉड्यूलचे ॲडरेफरन्स हे फंक्शन असेंब्ली जोडू शकले नाही की ‘संदर्भ जोडता आला नाही’ अशा अर्थाचा एक मोघम संदेश देते, आणि खरे कारण त्यामागे झाकले जाते. तेवढ्यावरून निदान करू नये. सिस्टिम डॉट रिफ्लेक्शन डॉट असेंब्लीचे लोडफ्रॉम हे फंक्शन डीएलएलचा पूर्ण मार्ग देऊन थेट बोलवावे, म्हणजे मूळ अपवाद (एक्सेप्शन) त्याच्या कोडसह समोर येतो. कोडचा शेवट ०००२ असा असेल तर फाइल, किंवा तिला लागणारी दुसरी एखादी असेंब्ली, खरोखर सापडलेली नाही. ८००७०००बी असेल तर फाइल सापडली आहे, पण ती ३२ बिट आणि इंटरप्रिटर ६४ बिट, अथवा त्याउलट, अशी विजोड जोडी झाली आहे. ८०१३१०४० म्हणजे त्या नावाची असेंब्ली मिळाली, मात्र आवृत्ती किंवा सही मागितल्याप्रमाणे नाही. आणि ८०१३१५१५ असेल तर फाइल इंटरनेटवरून उतरवलेली असल्याची खूण विंडोजने तिला लावून ठेवली आहे आणि रनटाइम तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही.

शेवटचा दोष सुटायला सर्वांत सोपा आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची खूण करावी किंवा पॉवरशेलची अनब्लॉक-फाइल ही आज्ञा वापरावी. झिप फाइल असेल तर उलगडण्याआधीच झिपला अनब्लॉक करावे, कारण विंडोज स्वतः झिप उलगडते तेव्हा ती खूण आतल्या प्रत्येक डीएलएलवर उतरते.

गावांची नावे आणि बॅकस्लॅश

या भागातील लोकांना एक अडचण हमखास भेटते, आणि ती मला स्वतःला एक पूर्ण दुपार पुरली होती, म्हणून ती सविस्तर सांगतो. आपण शाखेनुसार फोल्डर करतो आणि त्यांना इंग्रजीच्या लहान अक्षरांत गावांची नावे देतो. डी ड्राइव्हवरील खानापूरच्या फोल्डरमधून एक स्क्रिप्ट व्यवस्थित चालत होती. तीच स्क्रिप्ट, तीच डीएलएल निपाणीच्या फोल्डरमध्ये ठेवली, मार्गातले गावाचे नाव तेवढे बदलले, आणि लायब्ररी सापडेनाशी झाली. फाइल डोळ्यांसमोर होती, आकार तोच, तारीख तीच.

कारण पायथनच्या अक्षरमालिकेत आहे. साध्या अवतरणचिन्हांत बॅकस्लॅशनंतर लगेच एन आला की पायथन ती दोन चिन्हे न मानता नवी ओळ मानते. खानापूर इंग्रजीत के या अक्षराने सुरू होते आणि बॅकस्लॅश-के याला पायथनमध्ये काही खास अर्थ नाही, म्हणून तेथे चूक असूनही काम चालून गेले. निपाणी एनने सुरू होते. याच न्यायाने बेळगावच्या बीमुळे मागे सरकण्याचे चिन्ह, टिळकवाडीच्या टीमुळे टॅब, रायबागच्या आरमुळे ओळीच्या आरंभाकडे परतण्याचे चिन्ह आणि अथणीच्या एमुळे घंटेचे चिन्ह मार्गात शिरते. चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक ही नावे सुखरूप राहतात. पायथन ३ मध्ये उद्यमबागचा यू आला तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, थेट व्याकरणाची चूक दाखवते. ते त्यातल्या त्यात बरे, कारण दोष निदान दिसतो तरी.

त्या दुपारी मी सिस डॉट पाथची संपूर्ण यादी एकदम छापून पाहिली होती आणि तीच मोठी दिशाभूल ठरली. यादी छापताना पायथन प्रत्येक नोंद मूळ कोडमध्ये लिहावी तशी दाखवते. त्यामुळे बिघडलेल्या निपाणीच्या मार्गात एकच बॅकस्लॅश दिसत होता, म्हणजे डोळ्याला तो अगदी बरोबर वाटत होता, आणि खानापूरच्या ठीक असलेल्या मार्गात दोन बॅकस्लॅश दिसत होते, म्हणून मी उलट तोच दुरुस्त करत बसलो. शेवटी एकेक नोंद वेगवेगळी छापली तेव्हा डी ड्राइव्हचे अक्षर एका ओळीवर आणि उरलेले ‘इपाणी’ खालच्या ओळीवर उतरले, आणि सगळे लख्ख झाले. यावर उपाय तीन आहेत. मार्गात पुढे झुकलेली तिरपी रेघ वापरावी, ती विंडोजमध्ये चालते. किंवा अवतरणचिन्हापूर्वी आर लिहून कच्ची अक्षरमालिका करावी, मात्र तशा अक्षरमालिकेचा शेवट एकट्या बॅकस्लॅशने करता येत नाही. किंवा, आणि हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो, मार्ग हाताने लिहूच नये, स्क्रिप्टच्या स्वतःच्या फाइलच्या जागेवरून तो काढावा. मग शाखा कोणतीही असो, मार्ग बदलण्याची वेळच येत नाही.

३२ आणि ६४

इंटरप्रिटर किती बिटांचा आहे हे अंदाजाने ठरवू नये. सिस्टिम डॉट इंटपीटीआरचा आकार (साइझ) छापावा; ४ आला तर प्रक्रिया ३२ बिटांची, ८ आला तर ६४ बिटांची. पॉवरशेलच्या बाबतीत फोल्डरची नावे माणसाला हमखास फसवतात: ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४ बिटांचे पॉवरशेल असते आणि सिसवाव६४ या फोल्डरमध्ये ३२ बिटांचे.

डेटाबेसच्या लायब्ररींमध्ये हा प्रश्न इतका वारंवार येतो, कारण त्यांपैकी अनेकींचे शरीर दोन भागांचे असते. वरचा भाग डॉट नेटचा असतो आणि तो कोणत्याही प्रक्रियेत चढतो. खालचा भाग सी भाषेतून संकलित केलेला असतो आणि तो मात्र बिटांना बांधलेला असतो. सिस्टिम डॉट डेटा डॉट एसक्यूलाइट हे याचे नेहमीचे उदाहरण. तिच्यासोबत एसक्यूलाइट डॉट इंटरॉप डॉट डीएलएल लागते, आणि ती एक्स८६ आणि एक्स६४ अशा दोन उपफोल्डरांत दोन रूपांत येते. लोक वरची डीएलएल तेवढी उचलून नेतात, ॲडरेफरन्स यशस्वी होते, इम्पोर्टही होते, आणि डेटाबेसशी जोडणी उघडायच्या क्षणी इंटरॉप फाइल लोड करता आली नाही असा अपवाद ८००७००७ई या कोडसह येतो. हा कोड फार बारकाईने वाचावा. ती फाइल जागेवर नाही असाच त्याचा अर्थ होतो असे नाही. ती जागेवर असून तिला लागणारी तिसरी फाइल नसेल तरी हाच कोड येतो, आणि ती तिसरी फाइल बहुतेक वेळा व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइमची असते. विकासकाच्या संगणकावर तो रनटाइम कशाच्या ना कशाच्या ओघात आधीच बसलेला असतो, शाखेतल्या नव्या संगणकावर तो नसतो. दोन्ही उपफोल्डर जसेच्या तसे वरच्या डीएलएलच्या शेजारी ठेवावेत आणि योग्य बिटांचा रनटाइम बसवावा.

जुन्या संस्थांचा हिशेब अजून ॲक्सेसच्या फाइलींमध्ये असतो, त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की जेट ४.० हा प्रोव्हायडर, म्हणजे त्या फाइलींशी बोलणारा घटक, ३२ बिटांतच आहे. ६४ बिट इंटरप्रिटरमधून तो ‘नोंदणीकृत नाही’ असेच सांगणार. अशा वेळी ३२ बिटांचा इंटरप्रिटर वापरावा किंवा एस हे नवे इंजिन इंटरप्रिटरच्या बिटांना जुळेल असे बसवावे.

लायब्ररीच्या मागे आलेल्या लायब्ररी

सी शार्पचा प्रकल्प नुगेट या डॉट नेटच्या पॅकेज भांडारावरून पॅकेज घेतो तेव्हा त्याला लागणारी पुढची सगळी पॅकेजेस आपोआप येतात आणि आवृत्त्यांची जुळवाजुळव कॉन्फिग फाइलमध्ये लिहिली जाते. स्क्रिप्ट लिहिणारा माणूस मात्र पॅकेजची फाइल उतरवतो, ती आतून झिपच आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून उलगडून त्यातली एक डीएलएल घेतो. येथे दोन चुका एकदम होतात. पहिली म्हणजे लिब फोल्डरच्या आत निरनिराळ्या रनटाइमसाठी निरनिराळी उपफोल्डर असतात, त्यांतले चुकीचे निवडले जाते. विंडोज पॉवरशेल ५.१ हे डॉट नेट फ्रेमवर्कवर (डॉट नेटच्या जुन्या, केवळ विंडोजवरच्या रूपावर) चालते आणि पॉवरशेल ७ हे नव्या डॉट नेटवर, त्यामुळे दोघांना एकच डीएलएल चालेलच असे धरू नये. दुसरी म्हणजे मागोमाग लागणाऱ्या असेंब्ली राहून जातात. पोस्टग्रेससाठीची एनपीजीएसक्यूएल ही लायब्ररी फ्रेमवर्कवर वापरली की हे ठळकपणे जाणवते.

आयर्नपायथनमध्ये या दुसऱ्या चुकीचे एक फसवे रूप आहे. असेंब्ली जोडली जाते, तक्रार होत नाही, आणि पुढच्या ओळीत हवा असलेला क्लास त्या नेमस्पेसमध्ये नाही असे सांगितले जाते. क्लास असतो, त्याचा पाया असलेली दुसरी असेंब्ली नसल्यामुळे तो उभा राहू शकलेला नसतो आणि इंटरप्रिटर त्याला मुकाट्याने वगळून पुढे जातो. असेंब्लीच्या ऑब्जेक्टवर गेटटाइप्स बोलवावे, येणाऱ्या अपवादातील लोडरएक्सेप्शन्स ही यादी एकेक करून छापावी. नेमकी कोणती असेंब्ली कोणत्या आवृत्तीत हवी होती ते तेथे स्वच्छ लिहिलेले असते.

आवृत्तीचा आकडा वाचतानाही जपावे. पॅकेजची आवृत्ती आणि असेंब्लीची आवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टिम डॉट रनटाइम डॉट कंपायलरसर्व्हिसेस डॉट अनसेफ या पॅकेजची आवृत्ती ४.५.३ असते तेव्हा आतल्या असेंब्लीची आवृत्ती ४.०.४.१ असते, आणि सही असलेल्या असेंब्लीच्या बाबतीत फ्रेमवर्क नेमका मागितलेला आकडाच स्वीकारते. सी शार्पमध्ये हे बाइंडिंग रीडायरेक्टने, म्हणजे एका आवृत्तीची मागणी दुसऱ्या आवृत्तीकडे वळवणाऱ्या कॉन्फिगमधील नोंदीने, सुटते. तोच रीडायरेक्ट येथेही लिहिता येतो, पण घरमालकाच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे आयपीवाय डॉट एक्झीच्या शेजारी त्याच नावाने असलेल्या कॉन्फिगमध्ये. सामाईक इंटरप्रिटरच्या कॉन्फिगला हात लावायची माझी तयारी नसते, कारण त्याच संगणकावर दुसऱ्या कोणाची स्क्रिप्टही चालत असू शकते. म्हणून मी स्क्रिप्टच्या आरंभीच ॲपडोमेनच्या असेंब्लीरिझॉल्व्ह या घटनेला एक छोटे फंक्शन जोडतो. मागितलेल्या नावाचा पहिला भाग घ्यावा, आपल्या लायब्ररी फोल्डरमध्ये त्या नावाची डीएलएल असेल तर ती लोडफ्रॉमने लोड करून परत करावी, नसेल तर काहीही परत करू नये. हे फंक्शन कोणतीही लायब्ररी जोडण्यापूर्वी जोडावे.

विंडोजची भाषा मराठी किंवा कन्नड ठेवलेली असेल तर या फंक्शनकडे ‘रिसोर्सेस’ असा शेवट असलेल्या आणि एमआर-आयएन किंवा केएन-आयएन ही संस्कृती (भाषा आणि प्रदेशाचा संकेत) असलेल्या असेंब्लींची मागणीही येते. फ्रेमवर्क ४ पासून तसे घडते. त्या लायब्ररीचे संदेश मराठीत किंवा कन्नडमध्ये आहेत का हे रनटाइम पाहत असतो, ते नसतात, आणि तो इंग्रजीकडे वळतो. तो दोष नव्हे. त्या मागण्या सोडून द्याव्यात. त्यांच्या जागी चुकून मूळ डीएलएलच परत केली तर मात्र खरेच बिघाड होतो.

एकाच असेंब्लीच्या दोन प्रती

१ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावचे बेळगावी झाले, आणि अनेक ठिकाणी संगणकावर नव्या नावाचे फोल्डर तयार करून जुने तसेच राहू दिले गेले. दोन्हींत त्याच लायब्ररीच्या प्रती असतात. स्क्रिप्ट एकीकडची प्रत लोडफाइलने जोडते, संस्थेचे मॉड्यूल दुसरीकडची स्वतःहून ओढते, आणि मग ‘अमुक प्रकारचा ऑब्जेक्ट त्याच प्रकारात बदलता येत नाही’ असा, वाचून डोके धरावे असा अपवाद येतो. रनटाइमच्या लेखी प्रकाराची ओळख केवळ नावावर नसते; तो कोणत्या असेंब्लीतून आणि कोणत्या संदर्भात लोड झाला हेही तिच्यात येते. करंटडोमेनच्या गेटअसेंब्लीजने येणाऱ्या प्रत्येक असेंब्लीचे पूर्ण नाव आणि लोकेशन छापले की एकच नाव दोन जागांवरून आलेले दिसते. स्मृतीत तयार झालेल्या असेंब्लींना लोकेशन नसते, म्हणून त्या आधी वगळाव्यात. एक प्रत ठेवून दुसरी हलवावी आणि लोडफाइल हे फंक्शन अशा कामात टाळावे.

प्रोव्हायडर फॅक्टरीच्या (जोडणीचे ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या क्लासच्या) नावाने डेटाबेसशी जोडणी मागितली आणि तो प्रोव्हायडर बसवलेला नसावा असे उत्तर आले, तर तेही याच कुळातले आहे: ती नोंदणी कॉन्फिगमध्ये असते आणि कॉन्फिग घरमालकाची. लायब्ररीच्या फॅक्टरी क्लासचे इन्स्टन्स थेट घ्यावे, नावाने शोधायची गरज उरत नाही.

पायथनडॉटनेट वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) बसवायच्या पॅकेजचे नाव पायथननेट असे आहे. सीएलआर या नावाचे पॅकेजही पिपवर आहे, पण त्याचा डॉट नेटशी संबंध नाही, आणि ते चुकून बसले असेल तर काढून टाकावे. दुसरे म्हणजे विंडोजवर ते न सांगता डॉट नेट फ्रेमवर्क उचलते. लायब्ररी नव्या डॉट नेटसाठी असेल तर आवृत्ती ३ पासून सीएलआर इम्पोर्ट करण्यापूर्वी कोअरसीएलआर, म्हणजे नव्या डॉट नेटचा रनटाइम, लोड करण्याची सूचना द्यावी लागते. तसेच केवळ एसक्यूलाइटची फाइल वाचायची असेल तर साध्या पायथनमध्ये त्याची सोय मुळातच आहे, तेथे डॉट नेटला मध्ये आणण्याचे काहीच कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर फ्रेमवर्कवर फ्यूजन लॉग, म्हणजे रनटाइमने असेंब्ली कोठे कोठे शोधली याची नोंद, चालू करावा. विंडोज एसडीकेसोबत येणारा असेंब्ली बाइंडिंग लॉग व्ह्यूअर प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा, अपयशी जोडण्यांची नोंद आणि स्वतंत्र लॉग फोल्डर हे दोन पर्याय निवडावेत, आणि स्क्रिप्ट नव्याने चालवावी. नोंदीत ॲपबेस असे लिहिलेली ओळ आधी शोधावी. तेथे इंटरप्रिटरचे फोल्डर दिसेल. त्याखाली रनटाइमने कोणती कॉन्फिग वाचली आणि कोणकोणत्या मार्गांवर फाइल शोधून पाहिली हे क्रमाने येते, आणि आपली डीएलएल जेथे आहे ती जागा त्या यादीत आहे की नाही एवढेच पाहायचे असते. काम झाले की लॉग आठवणीने बंद करावा, कारण तो त्या संगणकावरील प्रत्येक डॉट नेट प्रोग्रामच्या नोंदी लिहीत राहतो आणि सायंकाळी पिग्मीचा भरणा सुरू असताना काउंटरवरचे सॉफ्टवेअर त्याने मंदावते.